सेवाभावी क्लब : वर्षभराचे पद आणि मागे उरणारे काम

दर वर्षी १ जुलैच्या सुमारास देशातील शेकडो लहानमोठ्या गावांत जवळपास एकसारखा समारंभ होतो. हॉटेलच्या किंवा मंगल कार्यालयाच्या सभागृहात मावळते अध्यक्ष आपल्या गळ्यातील 'कॉलर' काढून नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घालतात. सभेची घंटा वाजवण्याचा मान नव्या हातात जातो आणि पुढच्या बारा महिन्यांतील उपक्रमांची यादी वाचून दाखवली जाते. रक्तदान, वृक्षारोपण, नेत्रतपासणी, शाळांना संगणक, एखादा बंधारा अशी ही यादी असते. दुसऱ्या दिवशी स्थानिक दैनिकात छायाचित्रासह पदग्रहणाची बातमी येते.

रोटरी, लायन्स, इनरव्हील, राउंड टेबल, जायंट्स या नावांच्या पाट्या भारतातील बहुतेक तालुक्यांच्या गावी प्रवेशद्वारावर, बसथांब्यावर किंवा स्मशानभूमीच्या निवाऱ्यावर दिसतात. त्यांच्याविषयीची मते टोकाची असतात. काहींना हे सुखवस्तू लोकांचे भोजनमंडळ वाटते, तर काहींना सरकार जेथे पोहोचत नाही तेथे पोहोचणारे हात. दोन्ही मतांना आधार सापडतो. मात्र या क्लबांचे काम नेमके कसे चालते, पैसा कोठून येतो आणि वर्ष संपल्यावर त्या कामाचे काय होते, याची माहिती सदस्यांच्या वर्तुळाबाहेर फारशी जात नाही.

शिकागो ते कलकत्ता

सेवाभावी क्लब ही संस्था विसाव्या शतकातील अमेरिकी शहरी जीवनातून आली. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत तिघा परिचितांसह पहिली बैठक घेतली. त्यांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी होता. बैठका आळीपाळीने प्रत्येकाच्या कार्यालयात होत. या फिरतेपणावरून 'रोटरी' हे नाव पडले. आरंभी हेतू ओळखी वाढवण्याचा आणि एकमेकांच्या व्यवसायाला हातभार लावण्याचा होता. सेवेचा विचार नंतर आला. १९०७ मध्ये क्लबने हाती घेतलेले पहिले सार्वजनिक काम होते शिकागोच्या नगरभवनाजवळ स्वच्छतागृह उभारण्याचे. शंभर वर्षांनंतरही भारतातील क्लबांच्या यादीत शाळेतील मुलींसाठीचे स्वच्छतागृह वरच्या क्रमांकावर असते, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

त्याच शहरात मेल्व्हिन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये लायन्स क्लबांची संघटना उभी राहिली. १९२५ च्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधत्वाविरुद्धच्या लढ्यात उतरण्याचे आवाहन केले आणि तेव्हापासून नेत्रसेवा ही लायन्सची ओळख झाली. रोटरी सदस्यांच्या पत्नींनी १९२४ मध्ये मँचेस्टर येथे इनरव्हील सुरू केले. चाळिशीच्या आतल्या तरुणांसाठीची राउंड टेबल ही संघटना इंग्लंडमध्ये १९२७ मध्ये जन्मली व १९६२ मध्ये मद्रासमार्गे भारतात आली. शाळांच्या वर्गखोल्या बांधणे हे तिचे येथील मुख्य काम आहे.

भारतातील पहिला रोटरी क्लब १९१९ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाला. मुंबईचा क्लब १९२९ चा. सुरुवातीची सदस्यसूची बहुतांशी युरोपीय व्यापाऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची होती. स्वातंत्र्यानंतर तीत भारतीय डॉक्टर, वकील, कारखानदार आणि व्यापारी आले. कलकत्त्याचे नितीश लाहरी १९६२-६३ मध्ये रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष झाले. तो मान मिळवणारे ते पहिले आशियाई. त्यांच्यानंतर चंडीगडचे राजेंद्र साबू, वापीचे कल्याण बॅनर्जी आणि कोलकात्याचे शेखर मेहता या भारतीयांनी ते पद भूषवले. लायन्सचे भारतातील कार्य १९५६ मध्ये सुरू झाले. याच साच्यातली, पण पूर्णपणे भारतीय मातीतली संघटना म्हणजे जायंट्स. नाना चुडासमा यांनी १९७२ मध्ये मुंबईत ती स्थापन केली आणि महाराष्ट्राच्या तालुक्यांच्या गावांत 'जायंट्स ग्रुप' या नावाने ती रुजली.

क्लबचे सदस्यत्व अर्जाने मिळण्यापेक्षा निमंत्रणाने मिळते. एका व्यवसायातून एकच सदस्य हा रोटरीचा मूळ नियम आता सैल झाला असला, तरी वेगवेगळ्या व्यवसायांचे लोक एकत्र आणण्याची पद्धत कायम आहे. तिचा व्यावहारिक फायदा मोठा आहे. गावात बंधारा बांधायचा तर स्थापत्य अभियंता, सनदी लेखापाल, सिमेंटचा व्यापारी आणि सरकारी कागदपत्रे जाणणारा वकील एकाच टेबलावर बसलेले असतात व त्यांच्यापैकी कोणी मानधन मागत नाही.

क्लबांच्या वर प्रांत आणि त्यावर प्रांतपाल अशी रचना असते. प्रांतांच्या सीमा राज्यांच्या सीमा पाळतातच असे नाही. पुणे व रायगडचे क्लब ३१३१ क्रमांकाच्या प्रांतात, मुंबईचे ३१४१ मध्ये, तर ३१७० या प्रांतात कोल्हापूर, गोवा आणि बेळगाव परिसर एकत्र बांधले गेले. अध्यक्ष, सचिव, प्रांतपाल ही सर्व पदे एका वर्षाची असतात. आंतरराष्ट्रीय अध्यक्षही वर्षभराचेच. या नियमामुळे सत्ता कोणाच्या हातात साचत नाही आणि दर वर्षी नवा उत्साह येतो. क्लबांचे बरेचसे अपयशही याच नियमातून येते.

पोलिओ : दीर्घकाळ टिकलेला एक उपक्रम

वर्षभराच्या चौकटीबाहेर जाऊन क्लबांनी काय साधता येते, हे पोलिओ निर्मूलनाच्या मोहिमेत दिसले. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपाइन्समधील बालकांना लस देण्याचा प्रकल्प हाती घेतला. १९८५ मध्ये 'पोलिओप्लस' या नावाने जगभरासाठी मोहीम जाहीर झाली. १२ कोटी डॉलर जमवण्याचे उद्दिष्ट होते. १९८८ पर्यंत त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम उभी राहिली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने निर्मूलनाचा ठराव केला आणि जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र व रोटरी यांची संयुक्त मोहीम सुरू झाली. तेव्हा जगात दर वर्षी सुमारे साडेतीन लाख मुलांना पोलिओमुळे पक्षाघात होत होता.

भारतात १९९५ पासून पल्स पोलिओचे देशव्यापी दिवस पाळले जाऊ लागले. एका राष्ट्रीय फेरीत पाच वर्षांखालील सुमारे १७ कोटी बालकांना डोस देण्याचे काम अर्थातच सरकारी आरोग्य यंत्रणेने, अंगणवाडी सेविकांनी आणि आशा कार्यकर्त्यांनी केले. क्लब सदस्यांकडे तुलनेने साधी कामे होती. बूथवर मांडव घालणे, लसवाहक पेट्यांसाठी गाडी देणे, कार्यकर्त्यांच्या चहापाण्याची सोय करणे, फलक लावणे, मुलांना बोलावण्यासाठी शिट्ट्या आणि टोप्या वाटणे अशी ती होती. रविवारी बूथ आणि त्यानंतरचे काही दिवस घरोघरी फेरी असा क्रम असे. डोस घेतलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण होई. सर्व मुलांना डोस मिळालेल्या घराच्या दारावर खडूने 'पी' लिहिले जाई. मूल राहून गेलेल्या किंवा नकार दिलेल्या घरावर 'एक्स'.

पुढची खरी लढाई या 'एक्स' घरांशी होती. २००९ मध्ये जगात नोंदलेल्या १,६०४ रुग्णांपैकी ७४१ भारतात होते आणि त्यांतील बहुसंख्य पश्चिम उत्तर प्रदेश व बिहारमधील कोसी नदीच्या पूरक्षेत्रातील होते. मुरादाबादसारख्या दाट वस्तीच्या शहरांत उघडी गटारे आणि सततचे अतिसार यांमुळे तोंडावाटे दिलेल्या लसीचा परिणाम कमी पडत होता, म्हणून मुलांना पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागत. पुन्हा पुन्हा दार ठोठावल्याने संशय वाढे. या थेंबांनी मुले पुढे वंध्य होतात, अशी अफवा पसरलेली होती. शिवाय लोकांची एक तक्रार अगदी रास्त होती. दारात डॉक्टर येत नाही, नळाला पाणी येत नाही, गटार कोणी उपसत नाही. मग दर महिन्याला हे थेंब मात्र एवढ्या आग्रहाने का आणले जातात, असे ते विचारत.

येथे स्थानिक क्लब उपयोगी पडले. उत्तर प्रदेशात रोटरीने उलेमांची समिती स्थापन केली. मशिदींमधून आवाहने झाली, मौलवींनी आपल्या घरच्या मुलांना सर्वांसमोर डोस दिले. नकार देणाऱ्या वस्त्यांत सर्वसाधारण आरोग्य शिबिरे भरवली गेली, जेणेकरून ताप-खोकल्याचे औषधही त्याच हातांनी मिळावे. गावातल्या ज्या दुकानदाराकडून कुटुंब रोज किराणा घेते, तोच दारात उभा राहून समजावतो तेव्हा त्याचे ऐकले जाते. भित्तिपत्रकाला ती किंमत नसते. जानेवारी २०१० मध्ये द्विसंयोजी लस आली आणि विषाणूच्या उरलेल्या दोन्ही प्रकारांवर एकाच थेंबातून मारा करता येऊ लागला. त्या वर्षी देशातील रुग्णसंख्या ४२ वर आली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला झालेला पोलिओ हा भारतातील मूळ विषाणूचा अखेरचा रुग्ण ठरला. फेब्रुवारी २०१२ मध्ये भारताचे नाव पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून निघाले आणि २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त प्रमाणित झाला.

या यशाचे श्रेय एकट्या रोटरीला देणे अतिशयोक्तीचे होईल. मोहिमेचा मोठा भार सरकारने उचलला आणि प्रत्यक्ष पायपीट बहुतांशी अल्प मानधनावरील स्त्रियांनी केली. तरीही १९८५ पासून दर १ जुलैला जगभरातील सगळे अध्यक्ष बदलत असताना उद्दिष्ट मात्र एकदाही बदलले नाही, ही गोष्ट क्लबांच्या इतिहासात अपवादात्मक आहे.

नेत्रशिबिरे आणि खुर्जाचा धडा

नेत्रसेवेत क्लबांचा वाटा आणखी जुना आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थोड्या वेळाची असते. रुग्ण शोधणे, त्याला तयार करणे आणि आणणे हे अधिक कठीण. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ही अडचण ओळखली. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलेल्या या संस्थेने कामाची स्पष्ट वाटणी केली. गावातील लायन्स किंवा रोटरी क्लब, शाळा, देवस्थान यांनी जागा द्यावी, दवंडी पिटावी, स्वयंसेवक उभे करावेत. डॉक्टर, तपासणी आणि उपचार रुग्णालयाचे. अनुभवाने असेही दिसले की शस्त्रक्रिया मोफत असूनही अनेक वृद्ध येत नाहीत. बसभाडे, रुग्णालयातील जेवण, सोबत येणाऱ्या मुलाची बुडणारी मजुरी या गोष्टी आड येतात. शिबिराच्याच दिवशी बसने रुग्णालयात नेणे, तेथे जेवणाची सोय आणि परत घरी सोडणे हे सुरू झाल्यावर संख्या वाढली.

शस्त्रक्रिया शिबिराच्या जागी न करता रुग्णालयात नेऊन करण्यामागे एक दुःखद प्रकरणही आहे. एप्रिल १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे एका स्थानिक क्लबने भरवलेल्या शिबिरात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्ग होऊन ८४ जणांच्या शस्त्रक्रिया केलेल्या डोळ्याची कायमची हानी झाली. वापरलेल्या सलाइन द्रावणावर संशय होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ च्या निकालात न्यायालयाने पीडितांना भरपाई देण्याचा आदेश दिला आणि शिबिरांसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांचा विचार केला. पुढे तंबूतील किंवा शाळेतील शस्त्रक्रियांचा काळ मागे पडला. आजच्या नियमांप्रमाणे शिबिरात तपासणी होते, शस्त्रक्रिया सुसज्ज शस्त्रक्रियागृहातच. खुर्जात आयोजकांच्या हेतूविषयी शंका नव्हती. चांगल्या हेतूने भरवलेल्या शिबिरातही द्रावणाच्या बाटलीची तपासणी कोणीतरी करावीच लागते.

रक्तदान : संख्येचा मोह

क्लबांच्या वार्षिक अहवालात सर्वांत ठळक आकडा बहुधा रक्तपिशव्यांचा असतो. १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिक रक्तदात्यांची पद्धत बंद करण्याचे आदेश दिले आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री थांबली. त्यामुळे निर्माण झालेली पोकळी भरून काढण्यात महाविद्यालये, गणेशोत्सव मंडळे, धार्मिक संप्रदाय, राजकीय पक्ष आणि सेवाभावी क्लब या सर्वांचा वाटा आहे. दिल्ली, बंगळूरू अशा शहरांत रोटरीच्या नावाने रक्तपेढ्याही चालतात.

अडचण वेळापत्रकाची आहे. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस, तर बिंबाणू म्हणजे प्लेटलेट जेमतेम ५ दिवस टिकतात. नेत्याचा वाढदिवस किंवा संस्थेचा वर्धापनदिन साधून एकाच दिवशी शेकडो पिशव्या गोळा झाल्या, तर महिनाभरात त्यांतील काहींची मुदत संपते. उलट मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, लोक गावी जातात आणि रक्तपेढ्यांना तुटवडा भासतो. दिवाळीच्या सुट्टीतही तेच. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते, सुट्टी असो वा नसो. पुरुषाला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्तदान करता येते. म्हणून एका मोठ्या शिबिराऐवजी वर्षभर विभागलेली लहान शिबिरे आणि फोन करताच येणाऱ्या दात्यांची यादी अधिक मोलाची. काही क्लब मे महिन्याची जबाबदारी मुद्दाम घेतात. त्यांचा आकडा अहवालात लहान दिसतो. शिबिरात हेल्मेट, बॅगा यांसारख्या भेटवस्तू देण्याची प्रथाही याच आकड्यासाठी बोकाळली. रक्तदानासाठी आमिष दाखवू नये, ही राष्ट्रीय धोरणाची भूमिका आहे.

जुलैचे रोप, एप्रिलचे पाणी

एका वर्षाच्या कारकिर्दीचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो वृक्षारोपणात. रोटरी आणि लायन्स या दोहोंचे वर्ष जुलैत सुरू होते आणि महाराष्ट्रात तेव्हा पावसाळा असतो. नव्या अध्यक्षांचा पहिला कार्यक्रम साहजिकच वृक्षारोपणाचा ठरतो. खड्डे आधीच खणलेले असतात, रोपे सामाजिक वनीकरण विभागाकडून किंवा रोपवाटिकेतून आलेली असतात, जमीन ओली असते. त्या रोपांना पाण्याची गरज फेब्रुवारीपासून लागते आणि एप्रिल-मेमध्ये ती तीव्र होते. नेमक्या त्याच महिन्यांत क्लबचे लक्ष वार्षिक अहवाल, प्रांतिक पुरस्कार आणि पुढच्या अध्यक्षांच्या प्रशिक्षणाकडे असते. मराठवाड्यासारख्या भागात रोप जगण्यासाठी किमान तीन उन्हाळे सांभाळावे लागते, म्हणजे तीन अध्यक्षांच्या काळात टँकर यावा लागतो. ज्या क्लबांनी रोपांच्या संख्येऐवजी जगलेल्या झाडांची संख्या नोंदवायला सुरुवात केली, त्यांना पहिल्याच वर्षी पूर्वीच्या आकड्यांकडे पाहून अवघडल्यासारखे झाले असणार.

बंधाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. महाराष्ट्रातील क्लबांनी गावोगाव सिमेंटचे नालाबांध बांधले आहेत. पहिल्या पावसात पाणी अडते, आजूबाजूच्या विहिरींची पातळी वाढते आणि फलकाला हार चढतो. पण नाल्यातून दर पावसाळ्यात गाळ येतो. तो काढला नाही तर काही वर्षांत बांधाच्या मागे पाण्याऐवजी मातीच साठते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात तर पाऊस ओसरताच बरगे बसवावे लागतात आणि पुढच्या पावसाआधी काढावे लागतात. बरगे हरवले किंवा बसवायला माणसे नसली, की लाखो रुपयांच्या बांधकामातून पाणी सरळ वाहून जाते. याउलट वनराई बंधारा फार स्वस्त. सिमेंटची रिकामी पोती वाळू-मातीने भरून ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओढ्याच्या प्रवाहात रचायची, एवढेच त्यात असते. मोहन धारिया यांच्या वनराई संस्थेमुळे हे नाव रूढ झाले. तो एका हंगामापुरता टिकतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधावा लागतो. त्यामुळे दर वर्षी बदलणाऱ्या क्लबला तोच अधिक साजेसा. क्लबचे सदस्य, महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आणि ग्रामस्थ एका सकाळी तो उभा करू शकतात. कायमस्वरूपी बांधकामावर मात्र नावाचा फलक लावता येतो, आणि निधी देणाऱ्यांचा ओढा तिकडे असतो.

रुग्णालयांना दिल्या जाणाऱ्या यंत्रांबाबत हाच प्रश्न पैशाच्या भाषेत उभा राहतो. डायलिसिस यंत्र ही क्लबांची आवडती देणगी आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन ते तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडावे लागते. एका वेळेस शंभर लिटरहून अधिक शुद्ध केलेले पाणी लागते. म्हणजे यंत्रासोबत जलशुद्धीकरण संच, अखंड वीज, प्रशिक्षित तंत्रज्ञ, नळ्या-गाळण्यांचा रोजचा पुरवठा आणि देखभालीचा करार हवा. यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते. उरलेला खर्च दर आठवड्याला येतो आणि तो थांबला तर यंत्र कोपऱ्यात जाते. शाळेतील डिजिटल वर्गाचेही असेच. टीव्ही संच चोरीला जाऊ नये म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवलेला असतो, वीजबिल थकलेले असते, अभ्यासक्रम बदललेला असतो. हात धुण्याच्या जागेला नळ असतात, पण टाकीत पाणी चढवणारे कोणी नसते. अशा शाळा पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

पैसा कोठून येतो

क्लबच्या जेवणावळींवर होणारी टीका काही अंशी गैरसमजातून येते. सदस्यांची वर्गणी बैठका, भोजन आणि कार्यालयीन खर्चासाठी असते. सेवाप्रकल्पांसाठीच्या देणग्या स्वतंत्र खात्यात, बहुधा क्लबने नोंदवलेल्या सार्वजनिक न्यासाच्या खात्यात जमा होतात. दोन्ही खाती वेगळी ठेवण्याचा दंडक आहे आणि देणगीदाराने तो पाळला जातो का, हे विचारण्यात काहीही वावगे नाही.

मोठ्या कामांसाठी रोटरी फाउंडेशनचे अनुदान मिळते. या निधीची कल्पना १९१७ मध्ये आर्च क्लम्फ यांनी मांडली आणि पहिली देणगी होती २६ डॉलर ५० सेंट. आज जागतिक अनुदानासाठी प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा असावा लागतो आणि ज्या देशात काम होणार तेथील क्लबला परदेशी क्लबची भागीदारी मिळवावी लागते. सहभागी प्रांतांनी आपल्या निधीतून जितकी रक्कम घातली, तिच्या ८० टक्के भर फाउंडेशन घालते. अर्ज करण्यापूर्वी लाभार्थी समाजाच्या गरजांची पाहणी आता बंधनकारक आहे. पूर्वी बैठकीतच गरज ठरे आणि मग ती कोणाला आहे याचा शोध सुरू होई; त्या सवयीला या अटीने थोडा लगाम बसला.

परदेशी पैशावर भारतीय कायद्याचीही नजर आहे. विदेशी अंशदान नियमन कायद्यातील सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई झाली आणि ती स्वीकारण्यासाठी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खाते सक्तीचे झाले. ज्या लहान संस्था मोठ्या संस्थेमार्फत निधी घेत, त्यांची वाट त्यामुळे बंद झाली. दुसरीकडे कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमामुळे एप्रिल २०१४ पासून पात्र कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. क्लबांसाठी हा मोठा स्रोत ठरला. तो पैसा घेणाऱ्या संस्थेची कंपनी मंत्रालयाकडे नोंद आवश्यक असते आणि २०२१ च्या नियमांनी निर्माण झालेली मालमत्ता कोणाच्या नावे राहील हेही ठरवून दिले. कंपनीला आर्थिक वर्षाच्या आत खर्चाचा हिशेब हवा असतो. एका वर्षाच्या अध्यक्षाला एका वर्षाचा देणगीदार भेटला, की इमारत लवकर उभी राहते आणि तिच्या देखभालीचा विषय दोघांच्याही कागदावर येत नाही.

बदलणारी सदस्यसूची

क्लबांचे आणखी एक जुने व्यंग म्हणजे त्यांचे दार सर्वांना उघडे नव्हते. रोटरीने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते १९८९ मध्ये. तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका क्लबच्या बाजूने निकाल दिल्यानंतर. त्या क्लबने स्त्रियांना प्रवेश दिला म्हणून त्याची सनद काढून घेण्यात आली होती. आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदी पहिली स्त्री, कॅनडाच्या जेनिफर जोन्स, पोहोचायला २०२२ उजाडले. भारतात अनेक गावांत स्त्रिया आजही इनरव्हीलमधूनच काम करतात आणि त्यांच्या कामाचा उल्लेख पतीच्या क्लबच्या अहवालात शेवटी येतो.

वय हाही प्रश्न आहे. साप्ताहिक बैठक आणि तिची सक्तीची हजेरी नोकरदार तरुणांना परवडत नाही. २०१६ मध्ये रोटरीने बैठकांचा नियम सैल करून महिन्यातून किमान दोन बैठका पुरेशा ठरवल्या. १९६८ मध्ये सुरू झालेल्या रोटरॅक्टमधील महाविद्यालयीन सदस्यांपैकी किती जण पुढे रोटरीत येतात, यावर अनेक क्लबांचे भवितव्य ठरेल. खेड्यांमध्ये रोटरीने ग्रामसेवा दलांची रचना केली आहे. त्यांत क्लबचे सदस्य नसलेले ग्रामस्थच आपल्या गावातील काम पाहतात. बंधाऱ्याचे बरगे कोण बसवणार, या प्रश्नाचे उत्तर बहुधा या दलांकडे असते, शहरातील क्लबकडे नसते.

कौशल्याचा ओघही आता एकाच दिशेचा राहिलेला नाही. राजेंद्र साबू यांच्या पुढाकाराने १९९८ पासून भारतीय शल्यचिकित्सकांची स्वयंसेवी पथके आफ्रिकी देशांत जाऊ लागली. पहिले पथक युगांडात गेले होते.

सातत्यासाठी काही क्लबांनी घटनेला हात न लावता मार्ग काढले आहेत. अध्यक्ष वर्षभराचा असला तरी पुढच्या दोन वर्षांचे अध्यक्ष आधीच निवडलेले असतात. मोठ्या प्रकल्पाच्या करारावर या तिघांच्याही सह्या घेतल्या जातात, प्रकल्प समितीचा प्रमुख तीन ते पाच वर्षे कायम ठेवला जातो आणि अंदाजपत्रकातच देखभालीची रक्कम वेगळी काढली जाते. रोटरी क्लब ऑफ बॉम्बेचा 'भविष्य यान' हा महापालिका शाळांतील विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम अनेक अध्यक्षांच्या काळात चालू राहिला आहे.

मदत स्वीकारणाऱ्या शाळेला, ग्रामपंचायतीला किंवा रुग्णालयालाही काही गोष्टी आधी लेखी मागता येतात. यंत्राची हमी किती वर्षांची आणि देखभालीचा करार कोणाच्या नावे, वीज व पाण्याचे बिल कोण भरणार, मालकी कोणाकडे जाणार, आणि दोन वर्षांनी नळ बिघडला तर फोन कोणाला करायचा, हे प्रश्न हस्तांतराच्या समारंभापूर्वी विचारले गेले तर क्लबलाही आपली तयारी तपासता येते. अनेक मुख्याध्यापक संकोचाने ते विचारत नाहीत. फलकावर तत्कालीन अध्यक्ष व सचिवांची नावे कोरलेली असतात. दूरध्वनी क्रमांक मात्र नसतो.

पोलिओच्या बाबतीत काम अजून संपलेले नाही. अफगाणिस्तान व पाकिस्तानात मूळ विषाणू टिकून असल्याने भारतात लसीकरणाच्या फेऱ्या सुरूच आहेत. त्या रविवारी बूथशेजारच्या टेबलावर लसवाहक पेटी, शाईचे पेन आणि नोंदवही घेऊन आशा कार्यकर्ती बसते, आणि मांडवाची दोरी बांधायला त्या वर्षीच्या क्लबचे दोन सदस्य सकाळी लवकर येतात.